काहून काढलं जी?

मराठीत नोकरी 'लागते'. तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशी नोकरीही लागते. माणसाचा त्यात फारसा हात नसतो, असा या क्रियापदाचा एकूण रोख दिसतो. आणि पुढे ती 'जाते'. वीज जाते, अन्नावरची वासना जाते, तशी. शाळेत आम्हाला वाक्यातला कर्ता ओळखायला सांगत. 'त्याची नोकरी गेली' या वाक्याचा कर्ता व्याकरणाच्या हिशेबाने 'नोकरी'. म्हणजे तीच उठली, पदर खोचला आणि चालू लागली. तिला कोणी घालवली हे सांगायला वाक्यात जागाच ठेवलेली नाही.

घालवणाऱ्यासाठी वेगळे शब्द आहेत, पण तेही मोठे सभ्य. संस्कृताळलेल्या माणसाला 'अर्धचंद्र' मिळतो, खेळाडूला 'डच्चू', मंत्र्याची 'गच्छंती' होते, आणि बाकीच्यांना 'नारळ'. नारळाचे मला नेहमी नवल वाटते. साखरपुड्याला नारळ, वास्तुशांतीला नारळ, सत्काराला शालीबरोबर नारळ, आणि माणसाला हाकलायचे तरी नारळच! पूर्वी निदान खरोखरीचा नारळ हातात पडत असावा. हल्लीचे नारळाचे भाव पाहता नुसत्या शब्दावर भागवतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'कामावरून कमी केले' हा प्रयोग. शुद्ध वजाबाकी. वजाबाकीला कारण लागत नाही, फार तर हातचा लागतो.

हे सगळे मनात आले त्याला निमित्त झाला आमच्या शाखेत पाणी भरणारा माणूस.

शाखा अर्जुनी मोरगावची. बाहेरगावच्या माणसाला 'मोरगाव' म्हटले की गणपती आठवतो आणि 'अर्जुनी' म्हटले की त्याच जिल्ह्यातली सडक अर्जुनी आठवते. म्हणून सरकारी कागदावर आमचे गाव 'अर्जुनी/मोर' असे मधे तिरपी रेघ मारून लिहितात. या रेघेवरून घसरून आमची निम्मी टपाले सडक अर्जुनीला जातात, असा माझा अंदाज आहे. पूर्वी आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, १९९९ पासून गोंदियात. चहूकडे धान, पलीकडे नवेगावबांधचे जंगल, आणि 'का' या प्रश्नाला इकडे 'काहून' म्हणतात. पुण्यामुंबईचा 'का' अर्ध्या श्वासात संपतो. 'काहून' विचारायला माणसाला जरा थांबावे लागते, आणि ऐकणाऱ्यालाही.

तर हा गडी रोजंदारीवर होता. सकाळी झाडलोट, माठ भरणे, दुपारी चहा, संध्याकाळी खातेपुस्तकांचे गठ्ठे वर ठेवणे. आमचे त्या वेळचे शाखाधिकारी देशावरून आलेले, अतिशय नेमस्त. त्यांच्या टेबलामागे कालनिर्णय लटकत असे आणि त्यावर ते रोज पेन्सिलीने एक बारीक टिंब देत. मला वाटे साहेबांचे काही व्रत असेल. उपासतापास करणारा माणूस असा गुपचूप दिवस मोजतो. एके दिवशी टिंबे थांबली आणि पाणी भरायला दुसराच माणूस आला. जुना गडी साहेबांच्या काचेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काढलं त काढलं साहेब, माहं काही म्हणनं नाही. पण काहून काढलं, थे त सांगा जी."

साहेबांना आधी 'काहून' कळेना. कळल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुला काढलं कोणी? तुला ठेवलंच कधी होतं?"

शंकराचार्यांनंतर मायावाद इतक्या थोडक्यात कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही. जो माणूस आठ महिने आमच्या डोळ्यांदेखत माठ भरत होता तो भासमान होता. माठ तेवढा सत्य.

आता यातले टिंबांचे गणित सांगतो, कारण बँकेतल्या माणसाला ते गायत्री मंत्रासारखे पाठ असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार-कपातीचे कलम घातले गेले. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या माणसाला कमी करायचे तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई. ही नोटीस लेखी हवी आणि, इथे लक्ष द्या, तिच्यात कमी करण्याचे कारण लिहिलेले हवे. म्हणजे दोनशे चाळिसाव्या दिवशी माणसाला 'काहून' विचारण्याचा अधिकार प्राप्त होत असे. दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी तो नुसता पाणी भरणारा असे. साहेबांच्या टिंबांचे रहस्य हेच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सांगून टाकले की, पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्यादेखील या दिवसांत धरायच्या. आमच्या गड्याला रविवारचा पैसा मिळत नसल्यामुळे रविवारी टिंबही नसे. पोट मात्र सातही दिवस चालू असे, पण पोटाला कलम नाही.

दिवसांचा हा खेळ आमच्या बँकधंद्यात जुना आहे. स्टेट बँकेने सुंदरा मनी नावाच्या एका तात्पुरत्या माणसाला नेमणुकीचे जे पत्र दिले त्यात नऊ दिवसांची मुदत होती, आणि मुदत संपताच नोकरी आपोआप संपेल असेही लिहिलेले होते. नऊ दिवस! आमच्याकडे नवरात्र बसते तेवढे. पण अशी अधूनमधून नवरात्रे बसवत दिवस २४० च्या वर गेले, आणि १९७६ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की, नोकरी कशीही संपवा, पत्रात आधी लिहून संपवा की नंतर लिहून संपवा, ती संपवणे म्हणजे कपातच. 'आपोआप' हा शब्द त्या दिवशी कोर्टात तोंडावर पडला. तो आठ वर्षांनी उठला. १९८४ साली कायद्यातच दुरुस्ती झाली की, ठरलेली मुदत संपून नोकरी संपली तर तिला कपात म्हणू नये. पुढे २००६ साली उमादेवीच्या निकालाने सरकारी दारातल्या तात्पुरत्या मंडळींची कायम होण्याची वाट आणखी अरुंद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा कायदा रद्दीत गेला. नव्या संहितेत मुदतीची नोकरी राजरोस आहे. पगार-सवलती कायम माणसासारख्या द्यायच्या, पण मुदत सरली की नोकरी सरली. त्याला कोणी 'काढणे' म्हणायचे नाही. आमचे साहेब काळाच्या पुढे होते म्हणायचे.

याच हॉलमध्ये, त्या माठापासून सात पावलांवर मी बसतो. मला काढायचे झाले तर काय होईल, याचा मी एकदा फावल्या वेळात विचार केला. आधी खुलासा मागतील, म्हणजे 'कारणे दाखवा'. मग आरोपपत्र. मग चौकशी अधिकारी, बँकेची बाजू मांडणारा अधिकारी, माझी बाजू मांडायला युनियनचा माणूस, साक्षी, उलटतपासण्या, निष्कर्ष, शिक्षेचा प्रस्ताव, त्यावर माझे म्हणणे, मग शिक्षा, मग अपील. निलंबित केले तर निर्वाह भत्ता. १९६६ च्या द्विपक्षीय करारात आणि नंतर १० एप्रिल २००२ च्या करारात हे सारे सत्यनारायणाच्या पूजेइतके क्रमवार लिहिले आहे. मला काढायला जेवढा कागद लागेल तेवढ्यात आमच्या गड्याच्या घराचे छप्पर शाकारून होईल. एका माणसाला कारणांचा ढीग आणि दुसऱ्याला एक कारण नाही. दोघेही पाणी पितात एकाच माठातले.

हा विषय मी आमच्या शेजारच्या गुरुजींकडे काढला. गुरुजी निवृत्त आहेत, शिक्षक संघटनेत त्यांनी उभी हयात घालवली, आणि चर्चेत ते नेहमी विरुद्ध बाजू घेतात. म्हणाले, "असं पाहा, मी आज एका भाजीवाल्याकडून वांगी घेतो, उद्या दुसऱ्याकडून घेईन. पहिल्याला कारण सांगायला जातो का? जो देतो त्याला न देण्याचाही हक्क आहे. आणि तुमचा गडी उद्या स्वतःहून सोडून गेला असता तर त्याने बँकेला कारण सांगितलं असतं का?"

मुद्दा बिनतोड वाटला. मी घरी येऊन तो आमच्या हिला ऐकवला, जरा गुरुजींच्याच आवाजात. ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाजीवाल्याला चाळीस गिऱ्हाइकं असतात. तुमच्या गड्याला बँका किती होत्या?"

पदवीच्या अभ्यासात आम्ही करार कायदा शिकलो. दोन पक्ष, एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याची स्वीकृती, दोघेही राजीखुशीने. हे दोन पक्ष एकाच उंचीच्या पाटावर बसलेत असे पुस्तकात गृहीत धरलेले असते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात कलकत्त्याच्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीचा नियम आला. हिशेब खात्यातले ब्रजोनाथ गांगुली यांना या नियमाखाली घरी पाठवले होते. नियम असा की, कायम नोकरालाही तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, काही कारण न सांगता, काढता येईल. आणि नोकरालाही तशीच नोटीस देऊन सोडता येईल. पाहा, किती समान! नवेगावबांधच्या जंगलात वाघाला आणि शेळीला एकमेकांना खाण्याची अशीच समान मुभा आहे. न्यायमूर्ती मदन यांनी या कलमाला आठव्या हेन्रीचे कलम म्हटले. या इंग्लंडच्या राजाच्या सहा बायका. त्यांतल्या दोघींना त्याने नारळ न देता सरळ मुंडकेच उडवले. नियम रद्द झाला. कारण, ज्याला पर्यायच नाही त्याच्या सहीला राजीखुशी म्हणता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. आमची ही जे गवार मोडताना बोलली तेच, फक्त पाने जास्त.

आमच्या महाराष्ट्राने तर या बाबतीत एक फारच रसाळ कायदा केला होता. १९७१ चा, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात माणसाला काढण्याचे वाईट प्रकार दिले आहेत. सूड म्हणून काढणे. अधिकाराचा रंग देऊन, पण मनात दुसरेच ठेवून काढणे. खोट्या फौजदारी खटल्यात गुंतवून काढणे. धडधडीत खोट्या कारणाने काढणे. रजेशिवाय गैरहजर होता असे रचून काढणे. चौकशीत न्यायाची चाड न ठेवता घाईघाईने काढणे. एवढ्याशा चुकीला एवढी मोठी शिक्षा देऊन काढणे. पुढे, वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवून कायमपणापासून वंचित ठेवणे. हे परिशिष्ट लिहिणाऱ्या माणसाने एकतर आयुष्यभर कामगारांत काढले असावे, नाहीतर तो स्वतः फार वर्षे साहेब असावा. नाटककाराला सात खलनायक फुकट मिळतील इतका ऐवज त्यात आहे.

पण या यादीत मला एक गोष्ट दिसली. बहुतेक प्रकारांत काहीतरी कारण आहे. खोटे असेल, रचलेले असेल, क्षुल्लक असेल, पण आहे. आणि कारण लिहिले की त्याला शेपूट फुटते, आणि शेपूट धरता येते.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीचे घ्या. तिथे लघुलेखक पुरुषांना पगार जास्त, बायकांना कमी. ऑड्री डिकोस्टा या बाईंची नोकरी १९७७ च्या जून महिन्यात गेली आणि त्यानंतर त्यांनी पगारातला फरक मागितला. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून होताच. कंपनीने कारणे दिली. म्हणे बायका मोठ्या साहेबांच्या केबिनीत बसतात, पुरुष बाहेर सर्वांसाठी काम करतात. तेव्हा काम वेगळे. म्हणजे गोपनीय मजकूर लिहिणारीला कमी आणि उघडा मजकूर लिहिणाऱ्याला जास्त! शिवाय युनियनशी करार झालेला होता. शिवाय कंपनीची आर्थिक स्थितीही बरी नव्हती. (वाईट स्थितीचा पहिला थेंब नेमका बायकांच्याच पाकिटावर का पडतो, याचा शोध कोणा अर्थशास्त्र्याने घ्यावा.) शेवटी १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी शेपटे एकेक धरून सोडवली. दहा वर्षे लागली. पण धरायला काहीतरी होते.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना कारण नियमातच छापून दिलेले होते. पस्तिशी गाठली की, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले की, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की, यातले जे आधी घडेल तेव्हा, घरी. त्याच विमानात ट्रे उचलणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत. १९८१ च्या नर्गिस मिर्झा खटल्यात दिवस जाण्याची अट रद्द झाली; चार वर्षांची मात्र तशीच राहिली. चार वर्षांच्या अटीमागे कुटुंबनियोजनाचा हेतू न्यायालयाला दिसला. 'दिवस गेले' म्हणून नोकरी गेली. इथेही पाहा, दोन्हीकडे 'जाणे', आणि कर्ता कुठेच नाही.

छळाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय थट्टेत फार वेळ बसत नाही. काढायचे नाही, पण माणूस आपणहून जाईल असे करायचे, याला घरात सासुरवास म्हणतात. कचेरीत त्याला नाव नव्हते. बायकांच्या बाबतीत नाव यायला १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा यावा लागला. मधे पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला कळवले होते की, निकाल लागला पण अंमल होत नाही. त्यावर २०१२ साली न्यायालयाने पुन्हा सर्वांचे कान उपटले. कायद्याने दहा माणसांच्या कचेरीत तक्रार समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची समिती. म्हणजे इथल्या एखाद्या दुकानातल्या मुलीने गाडीत बसून गोंदियाला जायचे, आणि त्यासाठी ज्याची तक्रार करायची त्याच्याकडूनच आधी रजा मागायची. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो, तो तिने कसा भरावा?

आणि तरी हे सगळे भाग्यवंतांचे. आमच्या भागात बायका घरी विड्या वळतात. सट्टेदार पाने, तंबाखू आणि दोरा देतो, त्या हजारांच्या हिशेबाने विड्या परत देतात, काही विड्या तो छाटात काढतो. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. कारखानदार कोर्टात गेले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सहा महिने काम केलेल्याला सबळ कारण आणि महिन्याची नोटीस यांशिवाय काढायचे नाही, असेही त्यात होते. उत्तम. पण तिला कोणी काढतच नाही! सट्टेदार इतकेच म्हणतो, "पानं नाहीत बाई." उन्हाळ्यात जंगल तोडून आणलेल्या तेंदूपानांची पोती त्याच्या पाठीमागे छतापर्यंत लागलेली असतात. ती बाई परत जाते. तिने काल हजेरीबद्दल काही विचारले होते की तिची विडी खरेच ढिली होती, हे तिला कधी कळत नाही. रात्रभर ती स्वतःच कारणे शोधत बसते, आणि माणूस एकदा स्वतःविरुद्ध कारणे शोधू लागला की त्याला ती भरपूर सापडतात. मला वाटते, न सांगण्यातला खरा जाच हा आहे. साहेबांचे न दिलेले कारण तो गडी घरी घेऊन गेला, आणि पुढे कितीतरी दिवस भेटला की विचारी, "त्या दिवशी चहात साखर जास्त झाली होती, त्याच्यानं त नाही?"

कोणीतरी त्याला नागपूरला केंद्राच्या कामगार अधिकाऱ्याकडे जा म्हणून सांगितले. त्याने मला विचारले, "तिथं काहून थे सांगतीन का जी?" मी म्हटले, "नाही. तिथं आधी दिवस मोजतील." तो गेला नाही. दिवाळीनंतर मंडई भरल्या तेव्हा झाडीपट्टीच्या एका नाटकात मी त्याला प्रधानाच्या कामात पाहिले. दुसऱ्या अंकात राजा त्याला पदच्युत करतो. पण काय रुबाबात! एक अख्खे पद म्हणून, त्याचे सारे अपराध सुरात मोजून. प्रेक्षकांनी राजाला शिव्या घातल्या. प्रधान मात्र इतका समाधानाने मान डोलवत होता की तो नाटक करतोय असे मला वाटेना.

गुरुजींचे राहिले. गेल्या महिन्यात त्यांनी धुणीभांडी करणाऱ्या बाईला, आठ वर्षांनी, "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती येऊन ओट्यावर बसली. भांडण नाही, आवाज नाही. "पगार झाला जी माहा. पण काहून, थे त सांगा गुरुजी." गुरुजी आत येरझारा घालू लागले. गुरुजींच्या घरच्या म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंत, तुम्हीच सांगा. गुरुजी म्हणाले, मी तुझ्या सांगण्यावरून सांगितलं. तासाभराने त्यांनी मला मागच्या दाराने बोलावून घेतले, पुढ्यात कागद सरकवला आणि हळूच म्हणाले, "तुम्ही बँकेत असता. बरंसं कारण सुचवा काहीतरी. तिला राग येऊ नये असं." आम्ही दोघे बराच वेळ त्या कोऱ्या कागदाकडे पाहत बसलो. चोरी नव्हती, खाडे नव्हते, भांडी स्वच्छ होती. मधे गुरुजींच्या घरच्यांनी चहा केला. रीत म्हणून एक कप ओट्यावरही गेला.

थोड्या वेळाने नळाचा आवाज आला. बाईने आपला कप विसळला होता, मग आत येऊन आमचेही दोन उचलले, घासले, आणि नेहमीच्या जागी पालथे घालून पुन्हा ओट्यावर जाऊन बसली.